टीव्हीवर वाळत घातलेले कोळी

आमच्या घरात टीव्ही बंद करायचा नाही, असा वर्षभर नियम होता आणि तो माझ्यामुळे होता. बडोद्यात तेव्हा घरोघरी उलट भांडणं चालली होती. केबल नुकती आली होती, गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, आणि आईवडील पोरांवर "बंद कर तो डबा" म्हणून ओरडत होते. तरसालीतल्या आमच्या सोसायटीत मात्र एक घर असं होतं, जिथली एम.एस्सी. करणारी मुलगी रोज सकाळी निघताना दारातून ओरडायची, "आई, टीव्ही बंद करू नकोस हं! माझे कोळी अजून ओले आहेत!"

हे कोळी म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणणारे नव्हेत. त्यांचेच हे आठ पायांचे भाऊबंद, पण इतके बारीक की टाचणीच्या डोक्यावर चारपाच जण मांडी घालून बसतील. ऊस, ज्वारी, बांधावरचं गवत यांच्या पानांच्या पाठीवर ते राहतात आणि रस शोषतात. मग पान तांबूस पडतं आणि वाळतं. मराठीत त्यांना लाल कोळी म्हणतात, गुजरातीत कथीरी. मला त्यांना नावं लावायची होती, म्हणजे कोण कुठल्या कुळातला, कुठल्या प्रजातीचा, हे ठरवायचं होतं. हे काम आमच्या सोसायटीत कुणालाही पटलेलं नव्हतं. "त्यांना मारायचं औषध शोधतेस ना?" असं लोक विचारायचे. "नाही, नाव शोधते," म्हटलं की ते आईकडे कीव आल्यासारखं बघायचे.

नाव लावायचं तर कोळी आधी स्लाइडवर बसवावा लागतो. डिंक, ग्लिसरीन आणि आणखी एकदोन गोष्टी घालून केलेल्या दाटसर पाण्याचा थेंब काचेवर घ्यायचा, ब्रशच्या एका केसाने त्यात कोळी सोडायचा, वर काचेची पातळ चकती ठेवायची, आणि मग ती स्लाइड मंद उबेत बरेच दिवस वाळू द्यायची. उबेसाठी आमच्या विभागात एक ओव्हन होता. तो माझ्या आईच्या वयाचा असावा. त्याला मधूनच ताप चढायचा आणि आतल्या कोळ्यांचा लगदा व्हायचा. एकदा माझी महिनाभराची मेहनत त्याने अशी उकडून ठेवली, तेव्हा मी घरी येऊन टीव्हीवर डोकं टेकून रडले. रडता रडता लक्षात आलं की टीव्हीचा माथा किती छान कोमट आहे.

झालं. आईने विणलेला रुमाल आणि त्यावरचा प्लॅस्टिकचा मोर खाली उतरला आणि माझ्या स्लाइडींचा ट्रे वर चढला. आई मोरासाठी जरा हळहळली. मग तिच्या ध्यानात आलं, की दुपारची मालिका बघताना आता अपराधी वाटून घ्यायचं कारणच उरलेलं नाही. "काय करणार बाई, स्लाइडी वाळतायत," असं ती शेजारणीला सांगायची आणि दोघी पाय पसरून विज्ञानाची सेवा करत बसायच्या. शेजारीण गुजराती होती. तिने हळूहळू स्वतःची मेथी निवडणं, तुवरीच्या शेंगा सोलणं, सगळं आमच्याकडे हलवलं. मी दिसले की विचारायची, "केम बेन, आजे केटला सुकाया?" किती वाळले याचा आकडा मी कधी सांगितला नाही, आणि तिलाही तो नको असायचा.

बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. ते मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचे, आणि घरी आल्यावर त्यांना बातम्या आणि मॅच सोडून काही लागायचं नाही. शिवाय मी त्यांची एक खास कामगिरी काढून घेतली होती. आमचा टीव्ही जुना, ब्लॅक अँड व्हाइट. चित्र मधूनच वरच्या वर पळायला लागायचं, आणि ते कुठे थोपटलं की थांबतं ते फक्त बाबांना ठाऊक होतं. उजव्या बाजूला, जरासं मागे, उघड्या तळव्याने एक सणसणीत. आईने मारली तर आवाज जायचा, मी मारली तर काहीच व्हायचं नाही. बाबांनी मारली की चित्र मुकाट्याने जागेवर बसायचं. पण ओल्या डिंकात कोळ्याला धक्का बसला की त्याचे पाय मोडतात, म्हणून मी कागदावर मोठ्या अक्षरांत 'थापड मारू नये' असं लिहून टीव्हीला चिकटवलं. बाबांनी ते वाचलं. चित्र पळायला लागलं की ते हात काखेत दाबून छताकडे बघत बसायचे.

त्यांचा खरा राग टीव्हीवरून नव्हताच. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रातून कापलेली एक जाहिरात माझ्यासमोर ठेवली. अलकापुरीतल्या कॉम्प्युटर क्लासची होती ती. तेव्हा शहरात पानाच्या टपऱ्यांपेक्षा कॉम्प्युटरचे क्लास जास्त झाले होते.

"आमच्या खात्यात नवं मशीन आलंय," बाबा म्हणाले. "त्याला कॉम्प्युटर जोडलेला. एक पोरगेलासा माणूस बटणं दाबतो, आणि जन्मभर हाताने काम केलेली माणसं बाजूला उभी राहून बघतात. मी पण बघतो."

"पण बाबा, माझे कोळी..."

"तुझे कोळी कुणाला हवेत गं? तू बाजूला उभी राहू नयेस, एवढंच माझं म्हणणं."

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली, कारण ते काही चुकीचं बोलत नव्हते. मी भांडले, आदळआपट केली, आणि शेवटी आईने मधे पडून तोडगा काढला. दिवाळीच्या सुट्टीनंतर क्लासची नवी बॅच सुरू व्हायची होती. तोवर माझ्या बाईंनी मला पीएच.डी.ला घेतलं तर ठीक, नाहीतर मी गुमान अलकापुरीला जायचं. बाबा म्हणाले, "कबूल." मीही तोऱ्यात "कबूल" म्हटलं आणि मोरीत जाऊन रडून घेतलं.

आता बाई. माझ्या संशोधनावर देखरेख करणाऱ्या या बाई शहरातल्या वाडी भागात राहायच्या आणि विभागात चालत यायच्या. अंगाने काडी, पण त्यांच्यासमोर भले भले प्राध्यापक पुटपुटायला लागायचे. त्या वर्षी त्यांच्याकडे पीएच.डी.ची एकच जागा होती, आणि ती मला देण्याआधी त्यांनी एक अट घातली होती. उन्हाळ्यात आम्ही करजणकडच्या शेतांत नमुने गोळा केले होते. उसाच्या पानांवर लालभडक कोळी होते. त्याच शेताच्या बांधावर बरू नावाचं उंच गवत माजलं होतं, त्यावर हिरवट कोळी होते. बघणारे सगळे म्हणत, हे दोन वेगळे. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की हे दोन्ही एकच आहेत, रंग खाण्यामुळे बदललाय. आणि ते खरं असेल तर ऊस तोडल्यावर ही कीड बांधावरच्या गवतात दबा धरून बसते आणि नवा ऊस उगवला की परत येते, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे गवत काढल्याशिवाय उसाची सुटका नाही.

"मला वाटतं की..." मी सुरुवात केली.

"वाटतं हा शब्द घरी ठेवून यायचा," बाई म्हणाल्या. "नर दाखव. उसातला एक, गवतातला एक. दोन्ही कुशीवर. मग बोलू."

यात दोन अडचणी होत्या. मादीच्या पायाच्या नखावरून कूळ कळतं. आमचे सगळे ओलिगोनिकस कुळातले होते, तिथवर मी पोचले होते. पण त्यातली प्रजाती कुठली हे फक्त नर सांगतो. त्याच्या शेपटाकडे एक सूक्ष्म बाकदार अवयव असतो, ज्याने तो मादीशी मीलन साधतो. घरी सांगताना मी त्याला 'काटा' म्हणायचे. या काट्याचं वळण आणि टोक प्रत्येक प्रजातीत निराळं. म्हणून नर हवा, आणि नर फार थोडे असतात. दुसरी अडचण अशी की काट्याचं वळण फक्त बाजूने दिसतं, त्यामुळे नर स्लाइडवर कुशीवरच झोपायला हवा. त्यासाठी डिंक ओला असताना वरची चकती सुईच्या टोकाने अगदी हलकेच सरकवायची, म्हणजे खालचा कोळी लोळण घेतो. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात तो लोळण घेऊन पुन्हा पोटावर येतो, किंवा पाठीवर उताणा पडतो आणि आठही पाय पसरून आपल्याला वाकुल्या दाखवतो.

गवतातला नर मला मे महिन्यात मिळाला आणि पहिल्याच फटक्यात कुशीवर वळला. मी इतकी हुरळले, की त्या दिवशी घरी जाताना सगळ्यांसाठी आइस्क्रीम नेलं. मग उसातले नर घेतले. एक पोटावर, दुसरा उताणा, तिसरा चिरडला. चौथा एका रात्रीपुरता विभागात ठेवला, तर त्याला ओव्हनने शिजवलं. एवढ्यात पावसाळा आला आणि पानांवरचे कोळी धुऊन गेले. नवरात्रानंतर मी करजणला पुन्हा जाऊन आले. उसाची पानं हिरवीगार होती. शेतकरी खुशीत होता आणि मी तोंड पाडून परत आले. दुसऱ्याच्या पिकावर कीड नाही म्हणून रडणारी मीच एकटी असेन.

घरात याची चांगलीच करमणूक चालायची. घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत, राहणारी माझी आत्या दिवाळीला आली, तेव्हा आईने तिला सहज सांगितलं, की ही सध्या नर शोधते आहे. आत्याच्या सासरची माणसं संस्थानच्या काळातली अधिकारी, त्यामुळे ती सगळं भारदस्तपणे घ्यायची. तिने चहाची बशी खाली ठेवली. "मग आम्हाला सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "आमच्या पोळात एक इंजिनियर आहे." आई हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. मी तणतणत उठून गेले, आणि जाता जाता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्या! आत्याकडे तुळशीचं लग्न असतं! तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव! तोही शेंड्याच्या पानांसकट!

बाजारात उसाचे कापलेले तुकडे मिळतात, पण पानांसकट अख्खा ऊस वर्षातून याच दिवसांत शहरात येतो. करजणचा एक शेतकरी नीटनेटका असला म्हणून सगळेच कुठे असतात? मी आत्याच्या पायाशी बसले आणि तिच्याबरोबर ऊस आणायला येण्याची परवानगी मागितली. तिला वाटलं, मुलीला धर्माची ओढ लागली. ती गहिवरली.

खंडेराव मार्केटच्या बाहेर उसाचे भारे उभे होते. आत्या भाव करत होती आणि मी भिंग डोळ्याला लावून एकेक पान उलटं करत होते. विक्रेत्याने थोडा वेळ सहन केलं. मग म्हणाला, "बेन, शेरडी लेवी छे के वांचवी छे?" ऊस घ्यायचाय की वाचायचाय, हा प्रश्न रास्त होता. शेवटच्या भाऱ्यात मला तो सापडला. मरतुकडा, तांबूस डाग पडलेल्या पानांचा, पानाच्या पाठीला धुळीसारखी बारीक जाळी असलेला ऊस. मी आनंदाने ओरडलेच.

"हा घे आत्या! हाच!"

"शी! तुळशीच्या लग्नाला रोगट ऊस?"

"आत्या, तुझ्या पाया पडते."

"पाया पड, पण ऊस ठेव तिथेच."

भर बाजारात आमची जुंपली. आत्याने चार हिरवे ऊस निवडले होते, आणि मी पाचवा छातीशी धरून उभी होते. विक्रेत्याला हसू आवरेना. त्याने तो ऊस मला तसाच देऊन टाकला. बाई नेहमी म्हणायच्या, की ज्या नमुन्याचं गाव माहीत नाही तो केरात टाकावा, म्हणून मी त्याला विचारलं, "काका, आ क्यांनी छे?" तो म्हणाला, "करजण बाजुनी." मी त्याला वाकून नमस्कार केला. आत्या पुढे निघून गेली होती आणि आपण हिला ओळखत नाही अशी चालत होती.

आत्याच्या घरी पोचल्यावर मी हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात आत्याने घाईघाईने मांडव उभारला. चार हिरवे ऊस चार कोपऱ्यांना आणि माझा ऊस मागे भिंतीकडे, कुणाला दिसू नये असा. वर सगळ्याला हळदकुंकू लावून मोकळी. मी कात्री घेऊन आले तर तिने माझं मनगट धरलं.

"मांडवाचं पान लग्न लागल्याशिवाय तोडायचं नाही."

"एकच पान गं."

"अक्षता पडू दे, मग अख्खा ऊस ने आणि कर काय करायचं ते."

मी पान तोडलं नाही, पण भिंग लावायला कुणी मनाई केली नव्हती. ट्यूबलाइटच्या उजेडात मी पान हलकेच उलटं केलं. पानाच्या शिरेजवळ एक मादी पाय आवळून निपचित बसली होती. शेवटची कात टाकण्याआधी ती अशी बसते. आणि तिच्या पाठीवर चढून एकजण पहारा देत होता. अंगाने बारीक, मागे निमुळता. नर! ती कात टाकेपर्यंत तो तिथून हलत नाही, दुसरा कुणी आला तर पायांनी ढकलून लावतो. पण कात टाकून झाली की त्याचं काम होतं आणि तो चालू लागतो. आणि एवढ्या मोठ्या उसावर चालू लागलेला कोळी पुन्हा शोधणं म्हणजे विसरायचंच.

घरातली लग्नाची मुलगी म्हणून अंतरपाटाचं एक टोक माझ्याच हातात आलं. एका हातात अंतरपाट, दुसऱ्या हातात भिंग, मान मागे वळवून डोळा पानावर. मंगलाष्टकं म्हणायला पोळातल्या एक आजी होत्या, त्यांना कधी नव्हे तो श्रोतृवर्ग मिळाला होता. एक कडवं संपलं की मी "सावधान!" असं सगळ्यांच्या आधी ओरडायचे, की त्या दमून थांबतील. त्या दमल्या नाहीत. बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली, मांडव थरथरला. आत्याने मुठी भरभरून अक्षता टाकायला घेतल्या, आणि तिचा नेम काही फारसा चांगला नाही. मी अंतरपाट सोडून दिला आणि त्या पानावर हाताची ओंजळ धरली. अंतरपाट मधेच पडला, लग्न जरा आधीच लागलं, आणि आजी उरलेलं कडवं बिचाऱ्या तशाच म्हणत राहिल्या. आत्या माझ्याकडे बघून डोळे वटारत होती, पण शेजारच्या बायका म्हणाल्या की मुलगी किती भाविक आहे, उसाला हात जोडून उभी आहे. मग तिने वटारलेले डोळे आवरले.

पान स्टीलच्या डब्यात बंद करून मी रिक्षाने तरसालीला आणलं. डबा मांडीवर घट्ट धरला होता. रिक्षावाल्याला वाटलं प्रसाद आहे.

सुट्टी असली तरी बाई विभाग उघडा ठेवायच्या. सकाळी डबा उघडला. मादी कात टाकून निघून गेली होती. नर, देवाच्या दयेने, पानाच्या कडेला बसलेला होता. दुसरा नर सगळ्या पानावर शोधूनही मिळाला नाही. मी त्याला ब्रशच्या केसावर उचललं, डिंकात ठेवलं, चकती ठेवली. आधी एक ग्लास पाणी प्यायले. मग सुईने चकती हलकेच सरकवली. तो वळला. अर्धा वळला, कुशीवर आला, मी श्वास रोखला, आणि तो तसाच पुढे वळून पोटावर आला. पुन्हा सरकवली, तर जागचा हलेना. आणखी जोर लावला असता तर चुरगळला असता. पोटावर पडलेल्या त्या नराचा काटा कुठल्याही बाजूने दिसत नव्हता.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीत बघितलं आणि म्हणाल्या, "पोटावर आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मी स्लाइड डबीत घालून घरी आले. सोमवारी अलकापुरीतली बॅच सुरू होणार होती. काय उपयोग, असं मनात म्हणतच मी नेहमीच्या सवयीने ती स्लाइड टीव्हीवर ट्रेमध्ये ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. एका कोळ्यासाठी कुणी एवढं रडेल हे कुणाला खरं वाटलं नसतं, अशी मी रडले.

बाहेर मॅच चालू होती. आपल्या लोकांना शेवटच्या षटकात थोड्या धावा हव्या होत्या. बाबा, आई, शेजारीण, तिचा नवरा, असे सगळे श्वास रोखून बसले होते. आणि नेमकं तेव्हा चित्र पळायला लागलं. फलंदाजाचे पाय वर, डोकं खाली, चेंडू कुठे गेला पत्ता नाही. शेजारी ओरडले, "अरे भाई, कंईक करो!" बाबा वर्षभर हात काखेत दाबून बसलेला माणूस. ते उठले, आणि उजव्या बाजूला, जरासं मागे, वर्षभराची साठलेली एकच थापड लगावली.

मी किंचाळत बाहेर आले. चित्र जागेवर बसलं होतं. आपण जिंकलो होतो की हरलो होतो, ते मला आजही माहीत नाही. सगळे उभे राहून नाचत होते, म्हणजे बहुधा जिंकलो असू. बाबा मात्र टीव्हीजवळ तसेच उभे होते, हात अजून हवेत, नजर माझ्या पाटीवर.

"लागलं का गं त्याला?" त्यांनी विचारलं.

मी ट्रेकडे धावले. ट्रे एका कडेला सरकला होता. शेवटच्या स्लाइडवरची चकती तिरकी झाली होती आणि डिंक बाजूला आला होता. मला बाबांवर ओरडायचं होतं, पण त्यांचा चेहरा इतका पडला होता, की मी नुसती डबी भरली आणि बसस्टॉपवर गेले.

बाई कुलूप लावायच्या बेतात होत्या. त्यांनी काही न विचारता पुन्हा दिवा लावला. मी स्लाइड ठेवली, नळीत डोळा लावला, भिंग फिरवलं. आधी काहीच दिसेना. मग अंधुक काहीतरी आलं, मग स्पष्ट. तो कुशीवर झोपला होता. अगदी कुशीवर, पाय एका बाजूला गोळा करून, आणि शेपटाकडचा काटा काचेसारखा स्वच्छ. त्याचं वळण, त्याचं टोक, सगळं. मी शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर मे महिन्यातला गवतातला नर लावला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तेच वळण, तेच टोक. मला हसू फुटलं आणि थांबेना. मी टेबलाला धरून हसत राहिले.

बाईंनी मला बाजूला केलं. त्या बसल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. बराच वेळ गेला.

"कोण हा?" त्यांनी विचारलं.

"ओलिगोनिकस इंडिकस."

"आणि तो?"

"तोही. दोन्ही एकच, बाई."

"वाटतं?"

"नाही. दिसतं."

त्यांनी मान हलवली. "आणखी नर लागतील. एकावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण सुरुवात झाली." मग विचारलं, "सकाळी पोटावर होता. वळवला कसा?"

मी खरं ते सांगितलं. मॅच, चित्र, थापड, सगळं. बाई गंभीरपणे ऐकत होत्या. "थापड ही पद्धत म्हणून लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्लाइडचं कागदी लेबल पुढे ओढलं. त्यावर झाडाचं नाव, गावाचं नाव, आणि खाली ओळख कुणी पटवली त्याचं नाव असतं. ती खालची ओळ नेहमी बाई स्वतः भरायच्या. त्या दिवशी त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "लिही."

"इंडिकस ना? लिहिलंय."

"तुझं नाव लिही. आणि सोमवारी अर्ज घेऊन ये."

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं वाकडं कधीच आलं नव्हतं.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मी त्यांची समजूत काढायला गोष्ट रचते आहे असं त्यांना वाटलं. म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना विभागात घेऊन गेले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दारात चपला काढायला लागले, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या हो, या." बाबा सूक्ष्मदर्शकासमोर बसले, कारखान्यातल्या सवयीने एक डोळा घट्ट मिटला, आणि बघत राहिले. मी काटा कुठे आहे ते सांगितलं. त्यांना तो दिसला. मग त्यांनी न सांगता शेजारच्या नळीत बघितलं आणि पुन्हा पहिल्या नळीत.

"सारखेच आहेत," ते म्हणाले.

"हो."

डोळा नळीवरून न काढता त्यांनी हळूच विचारलं, "याला कॉम्प्युटर ओळखेल?"

"नाही बाबा. याला कुणीतरी बसून बघावंच लागतं."

त्यांनी नळीवरून डोळा काढला. मग म्हणाले, "मग तू बघ." मला इतकं बरं वाटलं, की ते लपवायला मी टेबलावरच्या दुसऱ्या स्लाइडी दाखवायला लागले. हा पोटावर आहे, हा उताणा आहे, यांचा काही उपयोग नाही, असं मी सांगत होते. बाबांनी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग उठून उभे राहिले, शर्टाची बाही वर केली आणि तळवा उघडला.

"यांना पण एक मारू का?"

बाईंनी दोन्ही हातांनी सूक्ष्मदर्शक घट्ट धरला.